जपानमधल्या स्किन क्लिनिकचा दहा प्रश्नांचा फॉर्म (डीएलक्यूआय, जपानी आवृत्ती): वापरून बघितला, ५ पैकी ३.५

आधीच सांगते, हा रिव्ह्यू क्लिनिकचा नाही, मलमाचाही नाही, एका कागदाचा आहे. लोक इअरफोनचे आणि मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, मी कागदाचा लिहितेय, कारण गेली चार वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी हा कागद माझ्या पुढ्यात येतो, मी त्यावर दहा ठिकाणी टिक करून परत देते आणि त्या दहा टिकांकडे बघून डॉक्टर माझं औषध वाढवायचं का कमी करायचं ते ठरवतात. एवढं ज्याच्यावर चालतं ते कोणीतरी जरा उलटंपालटं करून बघायला नको?

मी राहते निशिकासाईला, तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, तोझाई लाइनवर. स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तर एकदा तरी मराठी कानावर पडतंच असा हा भाग. काम लोकलायझेशन टेस्टिंगचं, म्हणजे इंग्रजी अॅपचं जपानी झालं की ते जपानी माणसाला खरंच कळतंय का ते बघायचं. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या भाषांतरातल्या चुका काढायच्या आणि रात्री कोपराच्या खाचेत खाजवत बसायचं. इसब मला लहानपणापासून आहे, साताऱ्यात शेजारच्या बायका आईला विचारायच्या "पोरीला गजकर्ण झालंय का हो", आणि आई कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने अंघोळ घालायची. इथे त्याला सगळे आतोपी म्हणतात आणि इतक्या जणांना असतो की ऑफिसात कोणी वळूनसुद्धा बघत नाही. म्हणजे मला तसं वाटायचं.

तर कागद. नाव डर्मॅटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स, सगळे डीएलक्यूआयच म्हणतात. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफला अँड्र्यू फिनले आणि गुल करीम खान यांनी बनवला. दहा प्रश्न, सगळे "गेल्या आठवड्यात" या एकाच गोष्टीला धरून: खाज-दुखणं-चुरचुर, लाज-संकोच, बाजारहाट आणि घरकाम, कपडे कोणते घातले, लोकांत मिसळणं, खेळ, काम किंवा अभ्यास, जवळची माणसं, शरीरसंबंध, आणि शेवटी उपचाराचाच त्रास. प्रत्येकाला ० ते ३. सगळं मिळून ० ते ३०. ०-१ म्हणजे आयुष्यावर काही परिणाम नाही, २ ते ५ थोडा, ६ ते १० मध्यम, ११ ते २० खूप मोठा, त्यावर अतिशय मोठा. दोन मिनिटांत भरून होतो, पेशंटला फुकट, दवाखान्यात रोजच्या वापरासाठी डॉक्टरांनाही फुकट, औषध कंपन्यांना मात्र लायसन्स घ्यावं लागतं, आणि शब्द कोणीही आपल्या मनाने बदलायचे नाहीत ही अट. ही अट ऐकून मी आधी वैतागले होते, आता वैतागत नाही, का ते पुढे.

जपानी आवृत्तीबद्दल पहिली चांगली गोष्ट म्हणजे ती वाचताना भाषांतर वाचतोय असं वाटत नाही. हे मी सहजासहजी म्हणत नाही, मला त्याचेच पैसे मिळतात. आपल्याकडे बँकेचा मराठी फॉर्म वाचून बघा, मग कळेल. म्हणून मी शोधाशोध केली की हे केलं कसं, तर त्याचा पेपर सापडला, २००६ सालचा, कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलमध्ये. क्योतो युनिव्हर्सिटीचे शुनइची फुकुहारा त्या टीममध्ये आहेत, आणि लेखकांत स्वतः फिनलेही आहेत, म्हणजे मूळ मालकाला बाजूला ठेवून केलेलं काम नाही. फुकुहारा म्हणजे तेच, ज्यांनी एसएफ-३६ नावाची तब्येतीची सर्वसाधारण प्रश्नावली जपानीत आणली. थोडक्यात कसलेली माणसं.

अशा कामाची रीत मला आमच्या ऑफिसच्या रीतीसारखीच वाटली, फक्त जास्त कडक. इंग्रजीतून जपानीत दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग दोन्ही जुळवून एक करायचं, मग ज्याने मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही अशा माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मूळ लेखकाला दाखवायचं की बाबा तुला जे विचारायचं होतं तेच हे आहे ना. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. पण इथे एक मोठा खड्डा आहे, आणि त्यात आमच्या कंपनीतले लोक दर महिन्याला पडतात. समजा तुम्ही "सेल्फ-कॉन्शस"चं, म्हणजे लोकांच्या नजरेने अवघडल्यासारखं होणं याचं, मराठी "आत्मजागरूक" केलंत. उलट भाषांतर करणारा हुशार असेल तर तो बरोब्बर "सेल्फ-कॉन्शस" लिहून देईल. कार्डिफमध्ये सगळे खूश. आणि मिरजेच्या काकूंना वाटेल की विपश्यनेबद्दल विचारतायत. म्हणजे भाषांतर जितकं शब्दाला शब्द ठेवलेलं, तितकं ते उलट परीक्षेत पास होतं आणि माणसापुढे नापास होतं. म्हणून त्याच्यापुढची पायरी खरी महत्त्वाची: पाच-दहा पेशंटना समोर बसवून "या वाक्यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारायचं. ही पायरी जिथे उरकून टाकलेली असते तिथे मला पहिल्या दोन ओळींत वास येतो. या फॉर्मला तो येत नाही.

मग येते आकडेमोड. क्रॉनबाख अल्फा नावाचा एक आकडा असतो, प्रश्न एकमेकांना धरून आहेत का ते त्यावरून बघतात, ०.७ च्या वर असला की साधारण चालतं म्हणतात. पण तो फारच वर गेला तर त्याचाही अर्थ एवढाच की एकच गोष्ट दहा वेळा विचारलीय. मग ज्याची कातडी पंधरा दिवसांत बदललेली नाही त्याला तोच फॉर्म परत द्यायचा, स्कोर साधारण तोच यायला हवा. वजनकाट्यावर दोनदा उभं राहून बघतो ना, तसंच. मग ज्यांचा त्रास जास्त आहे त्यांचा स्कोर खरंच जास्त येतोय का, आणि एसएफ-३६ सारख्या आधीच तपासलेल्या फॉर्मशी तो जिथे जुळायला हवा तिथे जुळतोय का आणि जिथे जुळायला नको तिथे जुळत नाही ना, हे सगळं. एवढं झाल्यावर म्हणायचं की व्हॅलिडेट झाला. आणि तेही ज्या पेशंटांवर तपासला त्यांच्यापुरतंच! २००६ चा तो पेपर मुरुमांच्या पेशंटांवरचा आहे. मुरुमं तोंडावर असतात, पेशंट बहुतेक तरुण, रात्री खाजवून चादरीला रक्त लागत नाही त्यांचं. म्हणजे माझ्यासाठी हा काटा दुसऱ्याच्या वजनावर तपासलेला. नंतर जपानमध्ये आतोपी आणि सोरायसिसच्या औषधांच्या ट्रायलमध्येही हाच फॉर्म भरपूर वापरला गेलाय, त्यामुळे अगदीच हवेत नाही, पण ही बारीक अक्षरातली गोष्ट डॉक्टरसुद्धा लक्षात ठेवत नसावेत असं मला वाटतं.

आता दीड मार्क मी का कापला ते.

पहिल्याच प्रश्नात चार गोष्टी एकत्र आहेत: खाज, दुखरेपणा, वेदना आणि ते "स्टिंगिंग". चौघांना मिळून एकच टिक. इंग्रजीला ते चालून जातं, कारण तिच्याकडे अशा त्रासाला शब्दच मोजके. जपानी आणि मराठी या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत हो! जपानीत हिरिहिरी म्हणजे मीठ-मिरची लागल्यासारखी आग, चिकुचिकु म्हणजे बारीक टोचणं, मुझुमुझु म्हणजे काहीतरी आत वळवळल्यासारखं. आपल्याकडे चुरचुर, चुणचुण, हुळहुळ, झोंबणं, ठणकणं, आणि त्यातलं प्रत्येक वेगळं. लोकरीचा स्वेटर घातल्यावर होतं ते चुणचुण, लिंबू लागल्यावर होतं ते चुरचुर, यात गल्लत करणारा माणूस मला भेटलेला नाही. माझे डॉक्टर तोंडी हेच विचारतात, "हिरिहिरी का चिकुचिकु?", आणि त्यावरून त्यांना कळतं की कातडी फाटलीय का नुसती कोरडी पडलीय. फॉर्ममध्ये ही सगळी श्रीमंती एका टिकमध्ये जाते. दोष जपानी भाषांतर करणाऱ्यांचा नाही, त्यांना प्रश्न फोडायची परवानगीच नव्हती, नाहीतर तो मग डीएलक्यूआय राहिला नसता.

यातच अजून एक गंमत. मला मध्ये टॅक्रोलिमसचं मलम दिलं होतं. हे औषध मूळ जपानचं, १९८४ मध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासून सापडलेलं, आणि त्याचं मलम इथे १९९९ पासून आहे. औषध गुणी पण सुरुवातीचे काही दिवस लावल्या-लावल्या असं झोंबतं की हात झटकत घरभर फिरावं लागतं. आता सांगा ही आग पहिल्या प्रश्नात लिहायची (कातडी चुरचुरली का) का दहाव्यात (उपचाराचा त्रास झाला का)? मी दोन्हीकडे लिहिली. त्या महिन्यात माझी कातडी सुधारली आणि स्कोर वाढला, डॉक्टर फॉर्मकडे बघतायत, माझ्या हाताकडे बघतायत, परत फॉर्मकडे. शेवटी मीच सांगितलं.

उत्तरांचे पर्याय म्हणजे चढत्या भाजणीतली चार क्रियाविशेषणं, आणि कुठल्याही भाषेत हाच भाग सगळ्यात अवघड, प्रश्न नव्हे. इंग्रजीत "व्हेरी मच" आणि "अ लॉट". मराठीत काय करणार? "खूपच" आणि "खूप"? एका च वर एक मार्क! जपानीत हिजोउनी, तोतेमो, कानारी अशी "खूप"वाल्या शब्दांची रांग आहे, पण कानारी किती जड ते वयानुसार आणि माणसानुसार बदलतं, आमच्या टीममध्ये यावर तासभराची मीटिंग झालेली आहे, खोटं नाही. शिवाय इथे गामान आहे. गामान म्हणजे सोसणं, पण कौतुकाने सोसणं. माझ्या शेजारी बसणारी जपानी कलीग, मानेपासून हातापर्यंत लालेलाल, तिने मला तिचा स्कोर सांगितला ४. मी म्हटलं चार? ती म्हणाली, कामाला तर येतेच आहे ना. सातवा प्रश्न तसाच आहे, कामाला जाता आलं नाही का, हो म्हटलं की थेट ३. खाजेसाठी रजा टाकणारा माणूस मी तरी इथे बघितलेला नाही, मग सगळे नाहीवर टिक करतात आणि खालच्या "थोडासा त्रास झाला" मध्ये येऊन बसतात. काटा बरोबर आहे हो, माणूसच श्वास रोखून उभा राहतो त्याला काय करणार.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र "लागू नाही" या पर्यायाची. बऱ्याच प्रश्नांना हा पर्याय आहे आणि त्याचे मार्क ०. म्हणजे "अजिबात त्रास नाही" ला जेवढे तेवढेच. प्रश्न सहा, खेळ. मी पोहायची, खरं तर चांगली पोहायची, क्लोरीन सोसेना म्हणून सोडलं त्याला सात वर्षं झाली. आता गेल्या आठवड्यात पोहण्यात अडचण आली का? आली नाही, कारण मी पाण्याजवळच गेले नाही. लागू नाही. शून्य! म्हणजे आजाराने तुमची एखादी गोष्ट पूर्ण हिसकावून घेतली की फॉर्मच्या हिशेबी तुम्ही त्या बाबतीत बरे झालात. यावर मी एकटीच बोंबलत नाहीये, संशोधकांनीही हे धरलंय आणि २०१८ मध्ये डीएलक्यूआय-आर म्हणून एक मोजायची नवी रीत सुचवली, ज्यात "लागू नाही" वाले प्रश्न वगळून बाकीच्यांवरून स्कोर वर ओढतात. माझ्या क्लिनिकमध्ये अजून जुनाच हिशेब चालतो.

आणि ओन्सेन, म्हणजे इथली गरम पाण्याची सार्वजनिक अंघोळ. कार्डिफच्या माणसाला ओन्सेन सुचणार नाही, त्याला बाग सुचली: तिसऱ्या प्रश्नात घर आणि बाग आहे, आणि माझी बाग म्हणजे बाल्कनीतला एक कढीपत्ता जो डिसेंबरात मान टाकतो. पण इथे कातडीच्या आजाराचं खरं मैदान म्हणजे सगळ्यांबरोबर कपडे काढून अंघोळ करणं. कंपनीची ट्रिप हाकोनेला गेली, रात्री सगळ्या बायका गरम पाण्याच्या टाक्याकडे निघाल्या, मी म्हटलं मला जरा ईमेल बघायचेत. पुढच्या वर्षी म्हटलं पाळी आलीय. त्याच्या पुढच्या वर्षी ट्रिपलाच गेले नाही. आता हे दहातल्या कुठल्या प्रश्नात बसतं? कपडे? खेळ? ओढूनताणून पाचव्यात, लोकांत मिसळण्याच्या. पण तोही गेल्या आठवड्यापुरता, आणि ट्रिप वर्षातून एकदा. जपानी पेशंटांकडून सुरुवातीपासून फॉर्म बनवला असता तर अंघोळीचा प्रश्न पहिल्या तीनात असता, पैज लावते. भाषांतर कितीही चोख असो, जे मुळात विचारलंच नाही ते भाषांतरात येणार कुठून.

आता काकूंचा किस्सा, कारण खरं तर त्यानंतरच हे लिहायचं मनात आलं.

मैत्रिणीच्या सासूबाई मिरजेहून आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, नातवाकडे बघायला. तोक्योचा हिवाळा म्हणजे कोरडा ठणठणीत, त्यात दिवसभर भांडी आणि गरम पाणी, जानेवारीत त्यांच्या दोन्ही हातांना भेगा पडून रक्त यायला लागलं. सून ऑफिसला, म्हणून मी त्यांना घेऊन एका क्लिनिकमध्ये गेले (माझं नेहमीचं नव्हे, घराजवळचं दुसरं). रिसेप्शनवरच्या मुलीने हसून तोच कागद पुढे केला, जपानीतला. इंग्रजी आहे का विचारलं तर नव्हता. मी म्हटलं काही हरकत नाही, मी सांगते काकूंना मराठीत. किती शहाणी मी!

"काकू, गेल्या आठवड्यात तुमच्या हातांमुळे तुम्हाला किती लाज वाटली?"

"लाज? लाज कसली गं? मी काय कोणाची चोरी केलीय?"

शून्य. घरकामात अडचण? "करतेच की सगळं." शून्य. लोकांत मिसळण्यात? "इथं माझे कोण लोक?" लागू नाही. खेळ ऐकून त्या हसल्याच. नवव्या प्रश्नाला माझी जीभ टाळ्याला चिकटली. समोर मैत्रिणीच्या अठ्ठावन्न वर्षांच्या सासूबाई, शेजारी एक जपानी आजोबा पेपर वाचतायत, आणि मला मराठीत विचारायचंय की गेल्या आठवड्यात शरीरसंबंधात... काकू तर मिरजेत काकांना सोडून आलेल्या. मी म्हटलं "काकू, हा एक प्रश्न आपल्यासाठी नाही." त्या म्हणाल्या "का, बघू की काय आहे?" आणि जपानी अक्षरांकडे चष्मा वर करून बघत बसल्या. कोरा सोडला. (एक कोरा राहिला तर ० धरतात, दोन कोरे राहिले तर फॉर्मच बाद, एवढं मला माहीत होतं म्हणून निभावलं.) खाजेचे २ आणि मलमाच्या चिकटपणाचा १, एकूण ३. "थोडा परिणाम."

आणि मग बसल्या-बसल्या काकू आपल्या आपणच बोलायला लागल्या, "शनिवारी इथल्या पोरींनी हळदीकुंकू ठेवलेलं ना, मी गेले नाही बघ, डोकं दुखतंय म्हटलं. हात पुढं करायचा म्हणजे... हे असले हात." पदराखाली हात घेतलेलेच होते, माझं तेव्हा लक्ष गेलं. मी विचारलं कणीक कोण मळतं, तर म्हणे आठ दिवस मुलगाच मळतोय. बाळाला अंघोळ? "सूनच घालते रात्री येऊन, माझ्या हातानं त्याला ओरखडे येतात." हे सगळं गेल्या आठवड्यातलंच!

मी उठले, नवीन कागद मागून आणला, परत सगळं विचारलं, या वेळी "लाज" म्हटलं नाही, "चारचौघात अवघडल्यासारखं होतं का" म्हटलं. या वेळी एकूण १०. "मध्यम परिणाम," एका मार्काने "खूप मोठा" चुकला. आता बघा, डीएलक्यूआयमध्ये ४ मार्कांचा फरक पडला तर पेशंटला खरंच फरक पडला असं धरतात, आणि सोरायसिसमध्ये तर फिनले यांनीच २००५ मध्ये मांडलेला दहाचा नियम आहे, त्यात स्कोर दहाच्या वर गेला की आजार तीव्र म्हणायचा. इथे एका मिनिटाच्या अंतराने, त्याच बाईचे, तेच हात, आणि ७ मार्कांचा फरक, नुसता माझ्या जिभेमुळे. लाज म्हटलं तर आपल्याकडे त्यात पापाचा वास येतो. जपानीतल्या हाझुकाशिइला तो तेवढा येत नाही, तिथे लोकांच्या नजरेचा भाग जास्त. इंग्रजी शब्द या दोघांच्या मध्येच कुठेतरी.

पण खरं सांगू का, तो १० सुद्धा खरा नव्हता. कारण दुसऱ्या वेळी मला उत्तरं माहीत होती आणि मी उदाहरणं देऊन विचारत होते, "म्हणजे हळदीकुंकवाला नाही गेलात, तसं?" हे म्हणजे पेशंटच्या तोंडात घास भरवणं झालं. ३ चूक आणि १० पण चूक. शब्द बदलायचे नाहीत या अटीवर मी वैतागत नाही म्हटलं ते यामुळे. डॉक्टरांना मी दोन्ही कागद दिले आणि काय झालं ते सांगितलं, त्यांनी दोन्ही बाजूला ठेवले आणि काकूंचे हात आपल्या हातात घेऊन पालथे-उलथे करून बघितले. मलम दिलं, सुती हातमोजे आणि त्यावर रबरी हातमोजे घालून भांडी घासायला सांगितली. पर्यटक व्हिसावर इन्शुरन्स नाही त्यामुळे पूर्ण पैसे भरावे लागले, आमच्यासारखे ३० टक्के नाही, पण तो वेगळा विषय.

तुलनेसाठी दुसरा फॉर्म पण सांगते, कारण मागच्या वर्षी मला एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं तिथे स्किंडेक्स-१६ भरायला लागला. हा अमेरिकेचा, मेरी-मार्गारेट क्रेन यांचा. आधी ६१ प्रश्नांचा होता, मग २९, मग २००१ मध्ये १६, आणि जपानी आवृत्ती २००२ ची. यात शब्दांची भाजणीच नाही, नुसते ० ते ६ चौकोन, एका टोकाला कधीच सतावलं नाही आणि दुसऱ्या टोकाला कायम सतावलं, मधे कुठे बसायचं ते तुम्ही ठरवा. कानारीची मीटिंगच नको. खाज वेगळी, आग वेगळी, दुखणं वेगळं विचारलंय, हे बघून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आणि यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे तो भीतीबद्दल विचारतो, हे पसरेल का, वाढेल का, डाग राहतील का, परत येईल का याची काळजी. आतोपीवाल्याला विचारा, खाज नसलेल्या दिवशीसुद्धा परत येईल ही धाकधूक असतेच, आणि डीएलक्यूआयमध्ये तिला जागा नाही. शिवाय किती वेळा झालं ते न विचारता किती सतावलं ते विचारतो. मला खाज रोज असते, पण रोज सतावत नाही, हा फरक ज्याला कळला त्याने पेशंट बघितलेत. उणी बाजू अशी की उपचाराच्या कटकटीचा प्रश्न नाही, म्हणजे माझ्या टॅक्रोलिमसच्या नाचाला तिथे जागा नाही. आणि नववा प्रश्न नाही, प्रेम व्यक्त करायला जड जातं का असं मऊ करून विचारलंय. काकूंना हे विचारता आलं असतं. आणि अंघोळ? अंघोळ इथेही नाही.

मग ३.५ तरी का दिले असं विचाराल तर एका दिवसासाठी. मागच्या वर्षी पावसाळ्यात, इथला त्सुयु म्हणजे जूनमधली चिकचिक, माझं बरंच बिघडलं होतं, पण डॉक्टरांपुढे गेलं की मी नेहमीसारखी "ठीक आहे, चाललंय" म्हणणारी. मी सुद्धा आता अर्धी गामानवालीच. तीन मिनिटांची भेट, मागे बारा जण ताटकळलेले. त्यांनी फॉर्म बघितला, १४ होता, आधीचा ६. काही न बोलता त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, झोप लागते का. झोपेचा प्रश्न फॉर्ममध्ये नाहीच मुळी! पण १४ बघून त्यांना तो सुचला. त्या दिवशी मी पहिल्यांदा अकरा मिनिटं आत होते आणि औषध बदललं. तोंडाने मी कधीच १४ म्हटलं नसतं.

इथे राहणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. जपानी जेमतेम येत असेल तर फॉर्म शेजाऱ्याकडून तोंडी भाषांतर करून घेऊन भरू नका, आधीच क्लिनिकला फोन करून इंग्रजी छापील प्रत मागा, शंभराहून जास्त भाषांत अधिकृत भाषांतरं झालेली आहेत, क्लिनिकवाले मनावर घेतील तर मिळतात. आईवडील येणार असतील तर हे आधीच करून ठेवा. "लागू नाही" वर टिक करायच्या आधी स्वतःला विचारा की ही गोष्ट मी आधी करायचे का, आणि कातडीमुळेच सोडली का. तसं असेल तर टिक कुठेही करा पण बाजूच्या समासात लिहा. समासाला मार्क नसतात पण डॉक्टर वाचतात. मी मागच्या वेळी सहाव्या प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, पोहणं सोडलं, ओन्सेनलाही जात नाही. डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं जायचंय का. मी म्हटलं हो. म्हणाले हिवाळ्यात बघू, तोवर मलम दोन वेळा, आणि तो खरखरीत नायलॉनचा अंग घासायचा टॉवेल आधी फेकून द्या.

टॉवेल फेकला. स्कोर सध्या ७.